भरल्या कोठीतली भूक

१

रविवारी सकाळचा चहा झाला की किल्ली घेऊन वर जायचं आणि गच्चीशेजारच्या खोलीतले डबे बघायचे, हा माझा नेम होता. झाकणं घट्ट आहेत ना, कोपऱ्यात ओल धरली नाही ना, मुंग्यांची रांग कुठून निघाली नाही ना, एवढंच बघायचं. घरात सगळे हसायचे. माझे यजमान रणवीर विचारायचे, "काय, गस्त झाली का?" त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे आमच्या घरात असले शब्द अजून चालतात.

ही कोठी आधीच्या पुरामुळे सुरू झाली. मांजलपूर भागातल्या आमच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, तेव्हा ओट्यापर्यंत पाणी चढलं. पीठ, तांदूळ, डाळी सगळं गेलं. आम्ही वरच्या खोलीत अडकलो आणि खायला होते बिस्किटांचे दोन-तीन पुडे. माझ्या सासूबाई, गंगाबाई, सगळ्या सोसायटीला दरडावणारी बाई. त्या आपल्या वाटणीची बिस्किटं पदराखाली ठेवून नातीला देत होत्या आणि मला सांगत होत्या, "मला आज भूकच नाही गं." ते मी पाहिलं आणि तिथंच ठरवलं, या घरावर ही पाळी पुन्हा येऊ द्यायची नाही.

मी गृहविज्ञान शिकलेली. धान्य कसं टिकवायचं ते मला ठाऊक होतं, पण एकदम सगळं भरायची आमची ऐपत नव्हती. म्हणून महिन्याच्या सामानात दर वेळी एखादी वस्तू दुप्पट घ्यायची, असं सुरू केलं. कधी तूरडाळ, कधी मीठ, कधी गूळ. होळीनंतर नवा गहू आला तेव्हा शेजारच्या धवलभाईंबरोबर एकाच व्यापाऱ्याकडून घेतला, म्हणजे स्वस्त पडला. ऊन दाखवून, दिवेल म्हणजे एरंडेल चोळून तो भरला. डबे घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या फरसाणवाल्याकडचे, तेलाचे रिकामे झालेले. ते गरम पाण्यानं धुऊन उन्हात इतके वाळवले की आत तोंड घातलं तरी वास येऊ नये. तांदळात कडुलिंबाचा पाला. उन्हाळ्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कुरडया आणि सांडगे घातले. छोटं गॅस सिलिंडर आणि पाण्याची पिंपंही वर नेऊन ठेवली.

वर्षभरात खोलीच्या तिन्ही भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत भरल्या. दारात उभी राहून बघायची तेव्हा मला सोन्याच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

२

साठवलेलं धान्य पडून राहू द्यायचं नसतं. जुनं आधी काढायचं आणि नवं मागे भरायचं. त्याप्रमाणे जूनमध्ये पहिला गव्हाचा डबा उघडला. दाणा स्वच्छ, टणक. दळून आणला, पोळ्या केल्या. टम्म फुगल्या, पदर सुटले, वासही खमंग.

आई दोन पोळ्यांवर कधी तिसरी घेत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "अजून एक वाढ." मग अजून एक. मला बरं वाटलं, गहू चांगला निघाला म्हणून.

राजेश्वरी, माझी मुलगी, कॉलेजला जायची. भरपेट जेवून उठली, हात धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, जेवायला काय आहे?"

"आत्ता जेवलीस ना?"

ती गोंधळली. पोटावर हात ठेवून उभी राहिली. "हो गं. पण जेवल्यासारखं वाटतच नाहीये."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की मी स्वतः ओट्याशी उभी राहून दुधाच्या पातेल्यातली साय खात होते, आणि ती कधी काढून घेतली हे मला आठवत नव्हतं.

३

मी आधी गिरणीवाल्याला दोष दिला. पीठ बदललं असेल. मग स्वतः उभी राहून दळून घेतलं. तसंच झालं. डब्याचं वजन केलं, भरताना होतं तेवढंच. मग कोठीतली मटकी भिजवली. वाटलं, दाण्यातला जीव गेला असेल तर मोड येणार नाहीत. नखाएवढे लांब, पांढरेशुभ्र मोड आले. उसळ झकास झाली. सगळ्यांनी वाटी-वाटी खाल्ली आणि तासाभरात रणवीर कामावरून येताना कोयलीहून आणलेलं भजियाचं पुडकं शोधत फिरू लागले.

धवलभाईंची बायको जिग्नाबेन कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. मी तिला विचारलं, "तुमचा गहू कसा निघाला?"

"एकदम सरस, संयोगिताबेन. दोन रोटली खाल्ली की बस, पेट भरून जातं."

मी तिच्याकडून वाटीभर पीठ मागून आणलं आणि आईंना त्याच्या पोळ्या दिल्या. दुसरी पोळी अर्धी खाऊन त्यांनी ताट सारलं. "आज कसं गच्च झालं बघ," म्हणाल्या.

गहू तोच, एकाच ट्रकमधून उतरलेला. फरक एवढाच होता की आमचा त्या खोलीत राहिला होता.

मी शिकलेली बाई. ओलावा, कीड, बुरशी, खवटपणा यांतलं काही असतं तर मला ओळखता आलं असतं. अन्न जसंच्या तसं राहतं आणि त्याचं अन्नपण निघून जातं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. मनाचे खेळ, म्हणून मी विषय सोडून दिला आणि पुढचा डबा उघडला नाही.

४

जुलैच्या एका दुपारी मी पंखा लावायला स्टूल घेऊन वर गेले. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले.

खोलीत वास येत होता. सडल्याचा नाही. पंगत उठून गेल्यावर मांडवात येतो तसा, सांडलेल्या ताकाचा, ओल्या पत्रावळींचा, खूप माणसं पोटभर जेवून गेल्याचा. बाहेर झाकोळ होता, गच्चीवर गार वारा होता, पण आत ऊब होती. कुणी बराच वेळ बसून उठलेल्या गादीला असते तशी.

मी स्टूल ठेवलं. डाव्या भिंतीच्या टोकाचं एक झाकण वाजलं, टक्. पत्रा तापला की वाजतो. मग शेजारचं वाजलं. मग त्याच्या शेजारचं. आवाज डब्यामागून डबा पुढे सरकत कोपऱ्यात गेला, वळला आणि समोरच्या भिंतीवरून माझ्या दिशेनं येऊ लागला. ताटातला एकेक पदार्थ बोटानं चाखत जावं, तसा सावकाश.

माझ्याजवळचा डबा वाजला नाही. मी त्याला कान लावला. आत धान्य हळूहळू खाली घसरत होतं. खालून काढून घेतलं की घसरतं तसं, सूं करत. मी झाकणावरची टेप फाडून ते उघडलं. तांदूळ काठोकाठ होते. एक दाणासुद्धा हलत नव्हता. कडुलिंबाची पानं मी ठेवली होती तशीच वर होती.

आणि माझ्या मागे, अगदी माणसाच्या उंचीवर, कुणीतरी तृप्त होऊन लांब श्वास सोडला.

मी कशी खाली आले ते माझं मला माहीत नाही.

रणवीरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. कोठीतलं जेवण त्यांनीही खाल्लं होतं. "काढून टाक सगळं," म्हणाले. "गाईंना घाल. खोली रिकामी कर."

"आणि पाणी आलं तर?"

आई पलंगावरून म्हणाल्या, "वर्षभर राबून भरलंय तिनं. कुणी फुकट्यानं खाऊन टाकावं म्हणून नाही."

मी दाराला कुलूप लावलं, पण काही टाकलं नाही.

५

गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदीचं पाणी पुन्हा शहरात शिरलं. रणवीर सकाळच्या पाळीला कोयलीला गेलेले, तिकडेच अडकले. दुपारपर्यंत आमच्या अंगणातली तुळस दिसेनाशी झाली, मग पाणी घरात आलं. मी आणि राजेश्वरीनं आईंना वर नेलं. खालच्या स्वयंपाकघरातून जे हाती लागलं ते उचलायला परत वळले, तेवढ्यात फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला. मी जिना चढून आले.

धवलभाईंचं घर बैठं. ते, जिग्नाबेन, त्यांची दोन लहान मुलं आणि धवलभाईंचे म्हातारे वडील सुमनभाई आपल्या घराच्या धाब्यावर भिजत उभे होते. दोन्ही घरांची भिंत एकच. आमच्या गच्चीवरून शिडी सोडली आणि सगळ्यांना वर घेतलं. खालच्या पाण्यात मगर दिसल्याचं कुणीतरी पलीकडच्या गच्चीवरून ओरडून सांगत होतं.

आता खायला होतं ते फक्त कोठीत.

मी कुलूप काढलं, कुठंही न बघता तांदूळ-डाळ घेतली आणि गच्चीच्या छपराखाली मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवली. मुलांनी गरम गरम खाल्ली. धवलभाईंनी तीनदा घेतली. आणि पातेलं खरवडून झालं तेव्हा धाकटी मुलगी रडायला लागली, "मम्मी, भूख लागी छे."

"हमणां तर खाधुं, बेटा," जिग्नाबेन म्हणाली. पण बोलताना तिची नजर पातेल्यावरच होती.

खरी भीती त्यानंतर आली. सुमनभाईंना मधुमेह. जेवणाआधीची गोळी त्यांनी घेतली होती, जेवणही झालं होतं. तरी त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. समोरच्या धवलभाईंना त्यांनी विचारलं, "तू कोण, भाई?"

शुगर उतरली होती. मी धावत जाऊन गुळाची ढेप फोडली, खडा त्यांच्या तोंडात घातला, पाण्यात विरघळवून पाजला. गोड लागत होतं, मी चाखून बघितलं होतं. त्यांच्या चेहऱ्यात काही फरक पडेना. डोळे मिटायला लागले.

"बापुजी! बापुजी, आँख खोलो!" धवलभाई त्यांचे गाल थोपटत होते. फोन बंद, होडी कुठं दिसत नव्हती. मी आणखी गूळ आणायला कोठीत गेले.

आत ती ऊब होती. तो पंगतीचा वास होता. आणि मी ढेपेला हात घातला तेव्हा कोपऱ्यातून तोच लांब, सुखाचा श्वास ऐकू आला.

माझ्या अंगावर काटा आला, पण त्याच्या पाठोपाठ राग वर आला. बाहेर छपराखाली माणूस मरत होता आणि त्याच्या तोंडचा घास इथं कुणीतरी बसून जिरवत होतं. मला आईंच्या पदराखालची बिस्किटं आठवली.

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

६

"बास," मी म्हणाले. "खूप झालं. कोण आहेस ते मला विचारायचं नाही. पण ही कोठी मी भरलीये. एकेक डबा माझ्या हातानं पुसलाय. या घरात वाढायचं काम माझं आहे, आणि मी वाढल्याशिवाय कुणी जेवत नाही. घरातला माणूस नाही आणि आलेला पाहुणाही नाही."

एक झाकण वाजलं. टक्.

"डब्यात तोंड घालायचं नाही!" मी ओरडले. "चोरासारखं खातोस, म्हणून तुझंही पोट भरत नाही. भरलं असतं तर एवढं सगळं खाऊन अजून इथं चाचपत बसला नसतास."

हे मी कुठून बोलले, कुणास ठाऊक. पण ते बोलल्याबरोबर खोली शांत झाली. बाहेर पावसाचा आवाज होता, धवलभाईंच्या हाका होत्या. आत काहीसुद्धा नव्हतं. कुणीतरी ऐकत होतं.

मी आवाज खाली आणला. राजेश्वरी लहानपणी रुसून बसायची तेव्हा मी तिच्याशी बोलायचे तशी बोलले. "तुला उपाशी ठेवणार नाही. आधी मुलं, आजारी आणि म्हातारी माणसं जेवतील. मग बाकीचे. शेवटच्या पंगतीला मी बसते, तेव्हा माझ्याबरोबर तुझं ताट लावीन. रोज लावीन. तोवर बसून राहायचं."

कोपऱ्यातले डबे आणि भिंत यांच्यामध्ये वीतभराची फट होती. माणूस मावेल एवढी नाही. तिथं अंधारात काहीतरी खाली झालं. उकिडवं बसलेलं कुणी मांडी घालून बसावं तसं. मला दोन गुडघे दिसले, वाळक्या शेंगेसारखे, आणि गुडघ्यांवर उताणे ठेवलेले दोन हात. मागणाऱ्याचे नव्हते ते. पान मांडायची वाट बघणाऱ्याचे होते. बोटं जरा जास्त लांब होती.

त्याच्या वर मी पाहिलं नाही. नजर वर न्यायची नाही, हे मला आपोआप कळलं.

गूळ उचलला, पाठ न दाखवता बाहेर आले.

७

तोच गूळ. त्याच ढेपेचा दुसरा तुकडा. पाण्यात विरघळवला आणि चमच्यानं सुमनभाईंच्या ओठांत सोडला. पहिला चमचा गालावरून ओघळला. दुसरा गिळला गेला. धवलभाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हळूहळू कपाळावरचा घाम थांबला. मग सुमनभाईंनी डोळे उघडले, मुलाकडे नीट बघितलं आणि डोकं एवढं घट्ट का धरलंस म्हणून कुरकुरले, "धवल, मारुं माथुं आटलुं जोरथी केम पकड्युं छे?"

धवलभाई हसले आणि रडले, दोन्ही एकदम. जिग्नाबेननं माझा हात गच्च धरला.

मी पदर खोचला आणि राजेश्वरीला हाक मारली. "राजू, मोठं पातेलं घे. पुन्हा खिचडी टाकायची."

त्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, आम्ही गच्चीवर जी पंगत घातली तशी मी जन्मात बघितली नव्हती. पलीकडच्या गच्च्यांवरचे लोक वास घेऊन भिंतींवरून वाकले. धवलभाईंनी दोरीला डबे बांधून त्यांच्याकडे खिचडी पोचवली. आईंनी कुरडया तळायला घेतल्या आणि सगळ्यांवर हुकूम सोडायला सुरुवात केली. खाली रस्त्यावर कमरेच्या वर पाणी वाहत होतं आणि वर आमच्या गल्लीत लोक एकमेकांना वाढत होते. धवलभाईंच्या धाकटीनं तिसरा घास तोंडात घेतला आणि तशीच, हातात चमचा धरून, आईंच्या मांडीवर झोपून गेली. तिचं पोट पेटीसारखं टणक लागत होतं. आई मला ते हात लावून बघायला लावत होत्या.

"भरलं गं सगळ्यांचं," आई म्हणाल्या. "आता तू बस."

मी दोन ताटं वाढली. आईंनी दुसऱ्या ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या ताटावर एक कुरडई जास्तीची ठेवली.

कोठीत जाऊन एक ताट मी फटीजवळ ठेवलं आणि स्वतः दाराशी, तिकडे पाठ करून बसले. मी जेवत होते तेव्हा माझ्या मागेही कुणीतरी जेवत होतं. घासामागून घास, घाई न करता. कुरडई मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. भीती वाटत होतीच. पण माझा हात स्थिर होता आणि बऱ्याच दिवसांनी माझं पोट भरलं.

८

रणवीर पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखलातून चालत आले. आल्या आल्या जेवायला बसले, दोन पोळ्यांत हात धुतला आणि मान मागे टेकून म्हणाले, "जिंकलीस तू." पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत एकही माणूस उपाशी राहिला नाही, ही गोष्ट त्यांनी कोयलीत सगळ्यांना सांगितली. आता सोसायटीतल्या बायका माझ्याकडून गव्हाला दिवेल कसं चोळायचं ते शिकून जातात. चार घरांत कोठ्या झाल्या आहेत.

दुपारी सगळ्यांचं झालं की मी वर ताट नेते. झाकणं वाजत नाहीत. डब्यातलं धान्य पोट भरतं. ताट मी आणायला जाते तेव्हा ते घासल्यासारखं लख्ख असतं आणि दाराजवळ, मला फार आत यावं लागू नये अशा बेतानं, सरकवून ठेवलेलं असतं.

काल मात्र ताट ठेवून मी नेहमीसारखी पाठ केली, तर जेवणाचा आवाज आला नाही. त्याऐवजी डब्यांमागे सरकासरकी झाली. कापड जमिनीला घासलं, कुणीतरी अंग चोरून घेतलं. बाकावर बसलेलं माणूस दुसऱ्याला जागा करून देतं तसं. मग तिथून दोन श्वास ऐकू आले. एक माझ्या ओळखीचा. दुसरा उथळ, भुकेला, खूप लांबून चालत आलेला.

मी तशीच उभी राहिले. ताटाला कुणी हात लावत नव्हतं. ती दोघं माझ्याकडे बघत होती, हे मला पाठीला कळत होतं.

"थांबा," मी म्हणाले. "आणते."

खाली आले. आईंनी विचारलं, "काय गं, काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि फडताळातून आणखी एक ताट काढलं.